भागीरथेचा बुधवार

हिरालाल फोरमननं 'जी' लावलं, तेव्हाच तेजरामला कळलं की घरचं काहीतरी गेलं.

तो उंचावर होता. नव्या मिलच्या शेडची तुळई वर चढत होती, आणि तेजराम रिगरांच्या टोळीत, म्हणजे जड लोखंड साखळ्यांनी बांधून उचलायचं आणि जागेवर बसवायचं या कामावर होता. खालून हिरालाल रोज 'अबे भंडारावाले' अशी हाक मारायचा, आणि तीही चांगल्या दिवशी. त्या बुधवारी दुपारी त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि म्हणाला, "तेजरामजी, नीचे आइए."

तेजराम लगेच उतरला नाही. तुळई एका बाजूनं टेकली होती, दुसऱ्या बाजूनं अजून हवेत होती. लोंबतं वजन सोडून रिगर खाली येत नाही. ती टेकली, बोल्ट गेले, मग तो उतरला.

"नंदिनी से फोन था," हिरालाल त्याच्या खांद्याकडे बघत म्हणाला. "तुम्हारी घरवाली को वहीं के दवाखाने में रखा है. जीप खड़ी है, बैठ जाओ."

'रखा है' म्हणताना तो अडखळला. तेजराम जीपकडे वळला.

नंदिनी म्हणजे कारखान्याची चुनखडीची खदान. तिथल्या दवाखान्यात भागीरथा एका खाटेवर होती. कोणीतरी पदर नीट डोक्यावरून घेतला होता. पायांना पांढरी धूळ लागलेली होती, आणि ती कोणी पुसली नव्हती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, आणलं तेव्हाच काही उरलं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात खदानीतल्या बाया आणि पोरं बसली होती. एकही पोर रडत नव्हतं. भागीरथाबाईनं गप बसायला शिकवलेली पोरं होती ती. तेजरामला वाटलं, यांच्यातलं कोणी मोठ्यानं रडलं असतं तर बरं झालं असतं.

भागीरथा हे नाव ख्रिस्ती बाईला शोभत नाही, असं मंडळीतले लोक म्हणायचे. तिचा बाप भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात प्रभूकडे आला तेव्हा ती लहान होती. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीबाबा म्हणाले, हिचं नाव बदलू, रूथ ठेवू. तिची आजी स्वतः बाप्तिस्म्याला तयार नव्हती. ती म्हणाली, "पोरगी न्या, नाव राहू द्या." तसं ते राहिलं. पुढं कोणी टोकलं की भागीरथा हसायची. "देवानं मले याच नावानं हाक मारली, मी ओ दिली. आता नाव बदललं तं त्यालेच शोधत फिरा लागन."

लग्नानंतर दोघं शेतावर होती. मग भिलाईला कारखाना उभा राहू लागला, गावचे लोक निघाले, तेजरामही निघाला. कॅम्पात झोपडी, मग सेक्टरात क्वार्टर. पगार आला, नळ आला, वीज आली. रविवार मात्र गेला.

कारखान्याला रविवार नसतो. भट्टी विझवून कोणी उपासनेला जात नाही. ज्याची सुट्टी मंगळवारी त्याचा रविवार मंगळवारी, आणि मंगळवारी उपासना कोण घेणार? आधी पुरुष यायचे थांबले. मग बाया म्हणू लागल्या, हे झोपले असतात, यांचा डबा असतो. मग पोरं. ती हिंदी शाळेत जात होती, हिंदीत खेळत होती, मराठी भजन त्यांना आजोबांच्या कोटासारखं वाटू लागलं. काही घरांत येशूचं नाव फक्त नाताळच्या करंजीपुरतं उरलं.

भागीरथेनं हे पाहिलं आणि तिच्या पद्धतीनं निकाल लावला. घरची प्रार्थना घड्याळावर नाही, तेजरामच्या पाळीवर चालेल. फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी. सेकंड असली की सकाळी. नाइट असली की तो घरी येऊन आंघोळ करील तेव्हा, पोळीच्या आधी. बाप घरात असल्याशिवाय चटई अंथरायची नाही, आणि बाप घरात असताना चटई चुकवायची नाही. शेजारणी हसायच्या. "भागीरथाबाईचा देव बी शिफ्ट ड्यूटी करते वो."

"करतेच," ती म्हणायची. "तुमची भट्टी जागते अन् तो झोपन काय?"

चटईवर ती शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची, त्यांची मुलगी नलू गायची, मग भागीरथा प्रार्थना करायची. गावच्या बोलीतच करायची, समोरच्या खुर्चीवर कोणी बसला असावा तशी. त्यात कांद्याचा भाव यायचा, तेजरामचं कंबरदुखणं यायचं, कारखान्यातल्या रशियन साहेबाची आजारी बायको यायची. तेजराम शेवटी 'आमेन' म्हणायचा. चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना त्याला कधी जमली नाही. त्याचा सगळा धर्म त्या एका शब्दात होता, आणि बाकीचं भागीरथा बघते म्हणून त्याला चिंता नव्हती.

नंदिनीचं काम तिनं ठरवून घेतलं नव्हतं. रंभा तिची गाववाली, तिथं दगड भरायच्या कामावर. रंभा आजारी पडली म्हणून भागीरथा भेटायला गेली आणि दुपारी भोंगा झाला. लाल झेंडा चढला. सुरुंग उडवायच्या आधी खदानीतले सगळे लोक, आसपासच्या झोपड्यांतल्या बायापोरांसकट, आडोशाला जाऊन बसतात. रेल्वे रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांची भिंत, वर लोखंडी पत्रा, एक बाजू उघडी. दुसरा भोंगा होईपर्यंत कोणी उठायचं नाही, कोणी बाहेर पाय टाकायचा नाही. पोरं घाबरून रडत, बाया दातांना तंबाखूचा गुडाखू घासत बसत.

घरी येऊन ती तेजरामला म्हणाली, "नलूचे बाबा, इतके लोक एका जागी बसून राहिलेले म्या चर्चमधी बी पायले नाही. एवढा वेळ निरा वाया जाते."

पुढच्या बुधवारी ती मजुरांच्या बसमध्ये बसून पुन्हा गेली. मोठा सुरुंग बुधवारी असायचा. तेव्हापासून बुधवार तिचा झाला. आडोशात ती गोष्टी सांगायची. ख्रिस्ती घरं तिथं चारच, पण गोष्ट सगळेच ऐकत. "गोष्टीले जात नसते," ती म्हणायची. "बाप्तिस्म्याचं ज्याचं त्यानं, त्याच्या मायबापानं पाहावं." सुरुंगानंतर मात्र त्या चार घरांतल्या मोठ्या पोरांना ती वेगळं बसवायची. आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रश्न आणि उत्तरं. शाळा उघडायच्या सुमारास नागपूरहून पाळकसाहेब येणार होते, आणि त्यांच्यासमोर या पोरांचं दृढीकरण व्हायचं होतं. म्हणजे लहानपणी आईबापांनी ज्याला हो म्हटलं, त्याला आता पोरानं मंडळीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं हो म्हणायचं. रंभाची गुलाब त्यात होती. आणि भागीरथेची स्वतःची नलू, यंदा मॅट्रिकला गेलेली, तीही होती.

तेजरामला हे सगळं माहीत होतं, आणि नव्हतंही. बायको बुधवारी कुठं जाते ते माहीत होतं. तिथं ती काय करते हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

मातीला माणसं खूप आली. मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, दुर्गचे हरिभाऊ, चांगलं बोलले. प्रभूच्या द्राक्षमळ्यात काम करता करता आमची बहीण विसाव्याला गेली, असं म्हणाले. नंदिनीचे लोक एका ट्रकमधून आले होते. ते मागं उभे राहिले, आणि त्यांनी कोणी न सांगता भजन उचललं. शहरातल्या मंडळीला पहिल्या कडव्यानंतर शब्द येत नव्हते. खदानीतल्या पोरांना शेवटपर्यंत येत होते. हरिभाऊंनी मागं वळून पाहिलं, तसं तेजरामनंही पाहिलं. ही सगळी भागीरथेची होती.

नलू रडली नाही. त्या आठवड्यात तिनं घर झाडलं, भाजी टाकली, बापाचा डबा भरला. मग एका संध्याकाळी तेजरामनं चटई अंथरली, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"बाबा, मी नाही बसत. अन् पाळकसाहेब आले तं त्यायले सांगून द्या, मले दृढीकरण नाही घ्यायचं."

"कावून?"

"कावून म्हणता? माय देवाच्या कामाले गेली होती. बाजारात नव्हती गेली. त्याच्याच कामावर असताना त्यानं तिले..." ती थांबली. "मुझे नहीं बोलना उसके सामने कुछ भी. बस."

तेजरामनं हरिभाऊंना विचारलं, तर ते म्हणाले, पोरगी बिघडण्याआधी वसतिगृहात टाका, नाहीतर चांगलं ख्रिस्ती स्थळ बघा, दोन चपराका देऊन चटईवर बसवली तरी चालेल.

"नाही जी," तेजराम म्हणाला. "नलूच्या मायनं तिले दटावून देव नाही शिकवला. म्या दटावलं तं तिचं शिकवलेलं बी जाईन."

"मग कसं करणार तुम्ही?"

"पाहू."

पण पाहायचं काय हे त्याला माहीत नव्हतं. भागीरथेनं आयुष्यात त्याच्याकडे फार काही मागितलं नव्हतं. एकच गोष्ट ती पुन्हा पुन्हा म्हणायची, की आपल्या आईबापांनी गावाचं बोलणं सोसून हे धरलं, नलूच्या हातून ते सुटू नये. आणि ती गेल्याबरोबर सुटलं होतं.

त्याला येत होतं तेवढं त्यानं केलं. पाळीप्रमाणे चटई अंथरली. शास्त्र उघडून समोर ठेवलं. वाचायला तो अडखळायचा, म्हणून नुसतंच उघडं ठेवलं. डोळे मिटून बसला. भागीरथेला लागायचा तितका वेळ गेला असं वाटलं की म्हणायचा, "आमेन." मग चटई गुंडाळायचा. शिफ्ट बदलली, त्याची वेळ बदलली, चटई चुकली नाही.

एकदा सकाळी नलू कणीक मळता मळता चिडली. "आमेन कशाले म्हणता बाबा? प्रार्थना तं कोणी केलीच नाही."

"तुयी माय करत होती तवा बी मी निस्ता आमेनच म्हणत होतो."

"तवा ती बोलत होती."

"हाव. आता माया वाट्याचं तेवढं राहिलं. तिच्या वाट्याचं मले येत नाही."

"मंग कोणाले येते?" असं तिनं तावात विचारलं, आणि मग कणकेकडे बघत राहिली.

नंदिनीहून रंभाचा निरोप आला. बुधवारी पोरं आडोशात येतात आणि उघड्या बाजूकडे तोंड करून बसतात. त्यांना काय सांगायचं?

तेजराम हिरालालकडे गेला आणि साप्ताहिक सुट्टी बुधवारी मागितली.

"बुधवार को क्या है?" हिरालाल म्हणाला. "तुम्हारा इतवार बुधवार को पड़ता है क्या?"

"अब पड़ता है, साब."

हिरालालनं एक शिवी घातली, पण ती जुनी, सवयीची शिवी होती. सुट्टी बदलून दिली.

पहिल्या बुधवारी तेजराम एकटाच गेला. नलूला चल म्हणाला नाही. भोंगा झाला, झेंडा चढला, सगळे आडोशात बसले, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तळहातांना घाम आला. शेडच्या टोकावर उभं राहताना कधी आला नव्हता. त्याला एकच गोष्ट धड आठवत होती, हरवलेल्या मेंढराची. इकडच्या पोरांनी मेंढरू पाहिलेलं नाही म्हणून भागीरथा बकरी सांगायची. त्यानंही बकरी सांगितली.

"एका माणसापाशी बकऱ्या होत्या. संध्याकाळी पाहते तं एक नाही. मंग त्यानं बाकीच्या कोठ्यात कोंडल्या, दाराले कडी लावली, राखणाले भाऊ बसवला, अन् मंग गेला शोधाले."

"नाही नाही," समोरची एक लहान पोरगी म्हणाली. रंभाची धाकटी, तिला सगळे बेबी म्हणत. "काकू म्हणे, तो तशाच सोडून गेला. रानात."

"रानात कसा सोडन? लांडगे येत नाहीत काय? थो काय मूर्ख आहे?"

"काकू तसंच सांगे."

"थो आधी कोंडन. मी असतो तं कोंडल्या असत्या."

मोठी पोरं हसू लागली. एक म्हणाला, काका बरोबर बोलतात, भाऊ बसवलाच पाहिजे. दुसरी म्हणाली, मग त्यात देवाचं काय राहिलं, तसं तर आपल्या गावचा पटेलही करतो. भांडण जोरात आलं तेवढ्यात जमीन हादरली, सुरुंग उडाला, आणि कोणाचंच कोणाला पटलं नाही.

संध्याकाळी त्यानं नलूला घडलं ते सगळं सांगितलं. लपवायची त्याला सवय नव्हती. ती ऐकत होती. 'भाऊ बसवला' इथं तिनं ओढणी तोंडाशी धरली. किती दिवसांनी ती हसली होती. मग हसणं थांबलं.

"बाबा, तुमी गोष्टच मोडून टाकली. तो सोडून जाते, तेच तर आहे. हिशेब करणारा नाही जात. ज्याले ती एक पायजेच, तोच जाते."

"मले नाही समजलं."

"मायनं कितीदा सांगितलं होतं."

"तुले सांगत होती. मी चटईवर अर्धा झोपेत राहो, नाइट करून."

नलू उठून भांडी घासू लागली. घासता घासता पाठमोरीच म्हणाली, "आता ते पोट्टे तसंच लक्षात ठेवतीन. सबको उल्टा याद रहेगा."

"मंग तू ये अन् सुधरव."

पुढच्या बुधवारी तो चपला घालत होता तेव्हा ती वेणी घालून दारात उभी होती. "मी प्रार्थना नाही सांगणार," ती म्हणाली. "फक्त गोष्ट नीट करून देतो अन् येतो." घरात ती कधीकधी बापासारखं 'येतो' म्हणायची.

नंदिनीत ती पहिल्यांदाच येत होती. आई म्हणायची चल, आणि ती म्हणायची, उन्हात काळी होते मी. रंभानं तिला पाहिलं आणि जवळ घेतलं. मग भोंगा झाला आणि सगळे आडोशात आले. नलू आत, भिंतीला टेकून बसली. बेबी तिच्यासमोर येऊन मांडी घालून बसली, आणि नलूनं तोंड उघडायच्या आधीच तिनं विचारलं.

"ताई, काकू इथंच मेली. देव तवा इथं होता का?"

रंभानं पोरीला चापट मारायला हात उचलला. तेजरामनं तो धरला. नलूचं तोंड पांढरं पडलं होतं.

"मले माहीत नाही," नलू म्हणाली.

बाहेर ऊन होतं आणि खदान मोकळी होती. मग रंभा बोलू लागली. ती कोणाकडे बघून बोलत नव्हती.

"मले कोणी इचारलं नाही, म्हणून म्या सांगितलं नाही. सगळे इचारत, डाक्टर काय म्हणे. नलू, तुयी माय तठी बसत होती." तिनं आडोशाच्या उघड्या बाजूकडे बोट केलं. "दर बुधवारी तठीच. खदानीकडे पाठ करून. म्हणे, पोट्ट्यायले मी दिसली पायजे, दगड नाही. त्या दिवशी झेंडा चढल्यावर गोष्ट सुरू झाली अन् तिले घाम फुटला. निरा पाणी. तिनं छातीवर हात ठेवला. म्या म्हटलं, बाई, काय होते? तिनं डोळ्यानंच मले गप केलं."

"कावून?" नलूनं विचारलं.

"कावून म्हणजे? ती पडली असती तं हे पोट्टे धावले असते वो. दवाखान्याकडे, सायबाकडे, जिकडं पाय नेतीन तिकडं. झेंडा वर, बारूद लागलेली. कोणाले धरलं असतं म्या? ते तिले समजलं. तिनं गोष्ट नाही थांबवली. आवाज बारीक झाला, पण थांबवली नाही. हसवलं बी एकदा. सुरुंग झाला, दुसरा भोंगा झाला, पोट्टे बाहेर पळाले. मंग मले म्हणे, रंभा, आता मले जरा निजू दे." रंभानं पदरानं नाक पुसलं. "तेवढंच बोलली. मंग नाही बोलली."

तेजराम खाली बघत होता. त्याला रडू आलं नाही. त्याला एक गोष्ट दिसली, जी तो रोज करत होता आणि जिची मजुरी घेत होता: लोंबतं वजन टेकल्याशिवाय जागा सोडायची नाही. तीच त्याच्या बायकोनं, ना साखळी ना टोळी, एकटीनं, छातीत कळ घेऊन केली होती. आपण कोणाबरोबर संसार केला हे त्याला त्या पत्र्याखाली कळलं.

नलू उठली. उघड्या बाजूला गेली आणि खदानीकडे पाठ करून बसली. पोरांनी वाट पाहिली. वाट पाहणं त्यांना येत होतं.

"मागच्या बुधवारी बाबांनी तुमाले चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "त्या माणसानं कोणाले कोंडलं नाही. कडी नाही, भाऊ नाही. सुनो, मी सांगतो."

तिनं सांगितलं. आईसारखं नाही सांगितलं. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, हात फार हलवत. मधे सुरुंग झाला आणि पत्र्यावर खडे वाजले. तिचा खांदा दचकला, पण मान वळली नाही. गोष्ट संपल्यावर गेल्या वेळी भांडलेला पोरगा म्हणाला, "तरी बी ताई, भाऊ बसवायले पायजे होता." सगळे हसले. नलूही हसली.

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. मग म्हणाली, "बाबा, तिले भेव नसन वाटलं?"

"वाटलं असन."

"मंग?"

"भेव वाटत होतं अन् गोष्ट बी सांगत होती. दोन्ही." तो थांबला. "मले एवढंच समजते, नलू. देव तवा तठी होता का, हे मले तुले नाही सांगता येत. पण त्या पोट्ट्यायपाशी कोणतरी होतं, अन् असं बसून राहणं कोणी शिकवल्याशिवाय येत नाही."

नलू पुन्हा खिडकीकडे वळली.

त्यानंतर ती बुधवार चुकवेना. गोष्टी संपत आल्या तेव्हा ती आईचं शास्त्र उघडून नव्या शोधू लागली. गुलाबला आणि बाकीच्यांना प्रश्न विचारून उत्तरं पाठ करून घेऊ लागली. "माहीत नाही काय म्हणतेस? मायनं तुले तीनदा सांगितलं असन," असं गुलाबला दटावायची. गुलाब म्हणायची, "काकू अशी खेकसत नव्हती वो." घरी तेजराम चटई अंथरायचा तेव्हा नलू आता येऊन बसायची. गायची. प्रार्थनेची वेळ आली की दोघं गप राहायची, आणि मग तो आपला शब्द म्हणायचा. एकदा त्यानं त्याआधी चार शब्द जोडून पाहिले. "हे प्रभू, नलूची माय..." इथपर्यंत आला आणि पुढं जाता आलं नाही. नलूनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पाळकसाहेब आले त्या दिवशी उपासना हरिभाऊंच्या अंगणात मांडवाखाली झाली. नंदिनीची पोरं धुतलेल्या कपड्यांत आली. एकेकानं उभं राहून उत्तर दिलं. गुलाबचा आवाज सुरुवातीला कापत होता, मग खणखणीत झाला. हरिभाऊ शेजारी बसलेल्या तेजरामच्या कानाशी म्हणाले, "तेजराम, आमच्या शहरातल्या पोरांना यातलं अर्धं येत नाही हो." त्यांच्या बोलण्यात मातीच्या दिवसाचं भाषण नव्हतं. खरंच आश्चर्य होतं. "बाईनं केलं काय हे सगळं?"

"बाईनंच केलं जी. सुरुंगाची वाट पाहता पाहता."

सगळ्यांना आशीर्वाद झाल्यावर पाळकसाहेबांनी बाजूला उभ्या नलूकडे पाहिलं. यादीत तिचंही नाव होतं. "आणि तू, मुली? यांना तू तयार केलंस ना?"

"मायनं केलं, साहेब. मी उजळणी घेतली."

"मग तूही ये."

सगळी मंडळी बघत होती. ती हो म्हणाली असती तर तेजरामला हवं होतं ते सगळं त्या क्षणी मिळालं असतं.

"आज नाही, साहेब," नलू म्हणाली. "मायले मी खोटं बोललेलं चालायचं नाही. अजून माया मनातलं त्याच्याशी बोलून झालं नाही. झालं की मी स्वतः येईन."

हरिभाऊ खाकरले. पाळकसाहेबांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बोल. तोवर शिकवत राहा." मग त्यांनी दृढीकरण झालेल्यांसाठी प्रभूभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस, सुरू केलं. नलू मांडवाच्या कडेला, भाकरीच्या ताटलीपासून दूर, उभी राहिली. पुढच्या बुधवारी ती नंदिनीला गेली, आणि त्याच्या पुढच्याही.

पाळकसाहेब परत नाताळला येणार आहेत. नलूचं दृढीकरण अजून व्हायचं आहे.